माळ्यावरची रंगपेटी



गेले तीन महिने आम्ही पाचजणी दर शनिवारी एकाच चित्राची नक्कल करतोय. बेर्त मोरिझो यांचं १८७२ सालचं ‘पाळणा’. तान्ह्या लेकीकडे बघत बसलेली ही आई म्हणजे बेर्तची बहीण एडमा. पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयात १८९७पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. या बहिणी लूव्र संग्रहालयातल्या चित्रांच्या नकला करत शिकल्या. लग्नानंतर मात्र एडमाची चित्रकला जवळजवळ सुटली.

आम्ही आधी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात उजेड-सावलीचे मोठे भाग मांडले, जवसाच्या तेलातला दाट रंग नंतर. तरी चेहरा मेणाचाच दिसे! मग डोळे किलकिले करून पाहिलं. गालावरची सावली आम्ही काळ्याने केली होती, तीच चूक. निळा आणि तपकिरी मिसळून केली, तेव्हा कुठे चेहऱ्यात जीव आला.

आमच्यातल्या दोघींची रंगपेटीही लग्नानंतर माळ्यावर गेली होती. ती आता खाली आलीय. नक्कल मूळ चित्रापुढे फिकीच आहे, म्हणून मागे ‘मोरिझो यांच्या चित्रावरून’ असं लिहिलंय. खाली पाचही नावं, आमची स्वतःची.

तुमच्या माळ्यावर काय आहे, बघा एकदा.