‘ळ’ कुणाच्या आवाजात?



अभ्यासिकेतला जुना कॉम्प्युटर बालवाडीतल्या मुलांना द्या म्हटलं की पालक विचारतात, ‘पोरं बिघडतील ना?’ मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये मध्येच जाहिरात येते, पुढं पैसे मागतात. भीती रास्त आहे. म्हणून मी ‘जीकॉम्प्री’ सुचवतो. ब्रुनो कूद्वाँ या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली ते सुरू केलं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ, सगळं मोफत, जाहिरात नाही. एका खेळात माऊस फिरवला की चौकोन पुसले जातात, खालचं चित्र दिसतं. बस्स! माऊस हातात बसावा, एवढंच काम. आम्हा इंजिनिअरांना इतक्यावर थांबवत नाही, ही गोष्ट वेगळी.

अक्षरांचे खेळ मात्र भाषेवर अडतात. मजकुराचं भाषांतर, अक्षरांचे आवाज हे सगळं स्वयंसेवक करतात. कोडिंग यावं लागत नाही. घरी दखनी बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत जाणाऱ्या पोराला ‘ळ’ घरात ऐकायला मिळत नाही. तो त्याला तुमच्यापैकी कुणाच्या तरी आवाजात ऐकू येऊ शकतो. सुरुवातीला मोबाइलचा रेकॉर्डर चालेल. फक्त पंखा बंद करा.