चौकटीतले पाहुणे



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर आमच्यासारख्या माणसाला बोलावण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल त्यांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे झाले ते अकोल्याच्या धान्यबाजारात, पोत्यांच्या थप्पीवर बसून, दुसऱ्याने वाचून टाकलेल्या वृत्तपत्रांतून. आज आम्ही कामगार कायद्यावर बोलू असे चालकांना वाटले असावे. परंतु कायद्यावर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि ऐकणारे फारसे सुखावतात असेही नाही. म्हणून आज वृत्तपत्रातल्या एका लहानशा चौकटीबद्दल बोलणार आहोत.

रेखाचित्रांच्या मालिकेत एक ठरलेले घर असते. त्यात ठरलेली माणसे राहतात. आपल्या मराठीत १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' अवतरला, तेव्हा त्याची गल्ली, त्याचे सवंगडी, आई-पप्पा हे सगळे वाचकाच्या शेजारी राहायला आल्यासारखे झाले. ही माणसे कल्पनेतली असतात, आणि वाचकाने त्यांना आपली मानलेली असतात. अशा घरात एखाद्या दिवशी खराखुरा माणूस, ज्याचे नाव, गाव, हुद्दा सगळ्यांना ठाऊक आहे असा, पाहुणा म्हणून येतो. त्या दिवशी वाचकाचे काय होते? आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे. तो वाटतो तेवढा पोरकट नाही, हे पुढे दिसेल.

आमची या प्रश्नाशी ओळख लक्ष्मण यांनी करून दिली. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त येऊ लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशा, आणि तोंडातून शब्द नाही. युनियनच्या कचेरीशेजारी एक वकील राहत. त्यांचा इंग्रजी पेपर एक दिवस शिळा होऊन आमच्याकडे येई. चित्राखाली एकच ओळ असे. ती ओळ शब्दकोश घेऊन लावायची, हाच आमचा इंग्रजीचा वर्ग. हमालमंडळी दुपारी भाकरी सोडून बसली की विचारत, "काऊन बा, आज कोन आलं त्या म्हाताऱ्याकडं?"

लक्ष्मण यांची दोन दुकाने होती. एक लहान, 'यू सेड इट' नावाचे. त्यातला मंत्री बहुधा बिननावाचा, टोपी आणि पोट एवढ्यावरच ओळखायचा. दुसरे मोठे राजकीय चित्र. त्यात खरी माणसे येत: इंदिराबाईंचे नाक, नरसिंह रावांचे पुढे आलेले ओठ, रथयात्रेनंतर अडवाणींच्या डोक्यावर चढलेला मुकुट. म्हातारा दोन्हीकडे हजर, कोपऱ्यात उभा. आता गंमत पाहा. मोठ्या चित्रातले खरे पुढारी ओळखून आमची मंडळी हसत, आणि हसून मोकळी होत. पण लहान चौकटीतला जो बिननावाचा मंत्री, त्याच्यावर खरे भांडण जुंपे. एक म्हणे हा आपला आमदार. दुसरा म्हणे, नाही, हा बाजार समितीवरचा अमका. लक्ष्मण मुंबईत बसून काढत. आमच्या आमदाराचे तोंडही त्यांनी पाहिलेले नसणार. तरी वाचक आपल्या गावचा खरा माणूस त्या चौकटीत नेऊन बसवी. पाहुण्याला बोलावण्याचे काम चित्रकार जेवढे करतो तेवढेच वाचकही करतो, हे आम्हाला तिथे कळले.

आणि वऱ्हाडी माणसाला हे नवे वाटण्याचे कारणच नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. त्या झडतीत महादेव-पार्वतीच्या बरोबरीने गावचा पाटील येतो, सावकार येतो, कापसाचा भाव येतो, सरकार येते. ज्याचे नाव निघाले तो तिथेच, बैलाची वेसण धरून उभा असतो. सगळे गाव झडती म्हणणाऱ्याकडे बघत नाही. ज्याचे नाव निघाले त्याच्या तोंडाकडे बघते. तो हसला तर गाव हसते. तो चिडला तर गाव दुप्पट हसते. गाडगेबाबांच्या कीर्तनाबद्दल आम्ही जुन्या माणसांकडून ऐकले ते असेच. बाबा समोर बसलेल्यालाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. ऐकणारा एका क्षणात श्रोता राहत नसे, कथेतले पात्र होई.

आता त्या तोंडाकडे बघण्याबद्दल. पंडित नेहरूंनी १९४८ साली 'शंकर्स वीकली'च्या प्रकाशनाच्या वेळी शंकर यांना सांगितले होते की मलाही सोडू नका. लक्ष्मण एक हकीकत सांगत. चीनच्या युद्धानंतर त्यांनी नेहरूंवर चित्र काढले, आणि सकाळी खुद्द नेहरूंचा दूरध्वनी आला: चित्र आवडले, सही करून मोठी प्रत पाठवता का? ही हकीकत सांगितली की सभेत टाळ्या पडतात. आम्हीही पुष्कळदा टाळी दिली आहे. परंतु युनियनच्या धंद्यात घालवलेल्या वर्षांनी या टाळीत एक खडा टाकला आहे. तो सांगतो.

आमचे एक पत्रक निघत असे, आडव्या कागदावर, महिन्यातून एकदा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आमच्यासाठी त्यात चार चौकटींचे चित्र काढी. त्याचा नायक एक हमाल, पाठीवर पोते, पोत्यावर आकडा: शंभर किलो. वाचणारे त्याच्यावर जीव टाकीत. एका महिन्यात पोत्याचे वजन आणि हमालीचा दर हा वाद पेटला होता, तेव्हा कार्यकारिणीने ठराव करून बाजारातल्या एका बड्या अडत्याला चित्रात आणले. नाव नाही लिहिले. पण सोन्याची साखळी, पानाचा डबा आणि गादीवर टेकण्याची ढब पेंटरने अशी हुबेहूब पकडली की सकाळी दहा वाजेतो बाजारभर हसू पसरले. हमाल पत्रक खिशात घालून त्याच्या गादीपुढून मुद्दाम दोनदा चकरा मारीत.

दुपारी अडत्याने आम्हाला चहाला बोलावले. आम्ही वकिलाच्या नोटिशीची तयारी करून गेलो. त्याने दहा प्रती मागितल्या. एक चौकटीत बसवून गादीमागे लावली, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी, "पाहा, पोरांनी कसं काढलं मले!" दोन दिवसांत बाजाराचे हसू त्याच्या मालकीचे झाले. हमालांतलेच काही म्हणू लागले की माणूस दिलदार आहे. दर मात्र होता तिथेच होता. तो वाढला पुढे आठ महिन्यांनी, अकरा दिवस काम बंद ठेवल्यावर.

नेहरूंना आम्ही त्या अडत्याच्या रांगेत बसवत नाही. जो सत्ताधारी चित्र मागवतो, तो चित्र जप्त करणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा. याच देशात जून १९७५ नंतर चित्रे आधी सेन्सॉरला दाखवावी लागली, आणि शंकर यांनी त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आपले साप्ताहिक बंद केले. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, अशा अर्थाचे त्यांनी निरोप घेताना लिहिले. आमचे म्हणणे इतकेच, की पाहुणा हसला म्हणजे चित्रातला मुद्दा निकालात निघाला असे वाचकाने समजू नये. टाळी पाहुण्याच्या मोठ्या मनाला द्यावी, आणि पोत्यावरचा आकडा पुन्हा वाचावा.

पाहुणा चिडला की काय होते, त्याला अमेरिकेतला दाखला आहे. तिथे अल कॅप यांची 'लिल ॲबनर' ही मालिका १९३४ पासून १९७७ पर्यंत चालली. १९६७ साली कॅप यांनी जोन बाएझ या युद्धविरोधी गायिकेची नक्कल करणारी 'जोनी फोनी' तीत आणली. बाएझने हरकत घेतली. कॅप म्हणाले, ती ही नव्हेच! वाचक काय समजायचे ते समजले. ज्या मालिकेने एके काळी गरीब डोंगरी लोकांच्या तोंडून धनिकांची टर उडवली, तीच आता मोर्चात चालणाऱ्यांवर उलटली म्हणून कित्येकांचे मन तिच्यावरून उडाले.

आपल्याकडे १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' निघाले, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. पुढे चव्हाणांनाही बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याने सोडले नाही. रेषा जबरदस्त होती, हे आमच्यासारख्या विरुद्ध बाजूच्या माणसानेही कबूल केले पाहिजे. पण 'मार्मिक'ने चित्रांच्या जोडीला 'वाचा आणि थंड बसा' म्हणून कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या खऱ्या नावांच्या याद्या छापल्या. वाचक थंड बसले नाहीत. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. मराठी वाचकाने छापलेल्या खऱ्या नावांना दिलेला एवढा मोठा प्रतिसाद दुसरा आम्हाला माहीत नाही. त्यात मराठी तरुणाची बेकारी खरी होती. परंतु त्याच गिरणीत त्याच साच्यावर राबणारा दक्षिणी कामगार त्या हसण्यात सापडला, आणि कामगारांची एकजूट मोडली, हे आम्हाला आजही सलते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, आणि ती या जिल्ह्यात सांगताना शब्द जपून वापरले पाहिजेत.

शंकर यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये एक चित्र काढले. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. लोक बघताहेत. घटनासमितीचे काम डिसेंबर १९४६ ला सुरू होऊन नोव्हेंबर १९४९ ला संपले. त्या दिरंगाईवरचा हा विनोद. त्या समितीत आपले भाऊसाहेब पंजाबराव देशमुख होते, ब्रिजलाल बियाणी होते. २००६ साली हे चित्र केंद्राच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात घेतले गेले. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ उठला, चित्र मागे घेतले गेले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या खोलीची मोडतोड झाली. पुढे समिती नेमली ती आपल्याच जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली. तिने आणखी काही व्यंगचित्रे काढण्याची शिफारस केली. एक सभासद, एम. एस. एस. पांडियन, यांनी वेगळे मत नोंदवले.

मोडतोड निषेधार्ह होती. ज्यांनी ती केली त्यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाचाच अपमान केला. यावर आमचे दुमत नाही. परंतु त्या आठवड्यात शहाण्यासुरत्या वृत्तपत्रांत जे लिहून आले की यांना विनोद कळत नाही, त्याच्याशीही आमचे जमत नाही. आमच्या बाजारात अर्धेअधिक हमाल बौद्ध समाजाचे. त्यांच्यापैकी एक वडीलधारे, ज्यांनी आम्हाला सभेत बोलायला शिकवले, चित्र बराच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "मागच्याचा चाबूक कोनाच्या पाठीवर हाये, भाऊ? गोगलगाईच्या का याह्यच्या?" आम्ही चित्र पुन्हा पाहिले. उत्तर रेषेतून निघत नव्हते. ज्याच्या आज्याने चाबूक पाठीवर पाहिला, त्याला तो घाईचे प्रतीक म्हणून वाचा असे कोणत्या तोंडाने सांगावे?

त्या वेळी पुष्कळांनी म्हटले, बाबासाहेबांनी स्वतः तेव्हा हरकत घेतल्याचे दिसत नाही. तेही खरे असेल. १९४९ चा वाचक दिल्लीतला साप्ताहिक विकत घेणारा. दोन्ही पुरुष हयात, दोघेही सत्तेच्या खुर्चीवर, उद्या उत्तर देण्यास समर्थ. २०१२ चा वाचक सोळा वर्षांचा, वर्गात बसलेला, आणि शेजारच्या बाकावरून कोण हसते आहे ते त्याला ऐकू येते. रेष एकही बदलली नाही. पाहुणा तोच. घर बदलले. आमच्या मते चित्र पुस्तकात राहायला हरकत नव्हती, पण शेजारी एक पान जास्त हवे होते, ज्यात त्या म्हाताऱ्याचा प्रश्न छापलेला असता. वर्गात त्यावरच तास रंगला असता.

आमच्या पेंटरने हे आधीच ओळखले होते. अडत्याच्या चित्रानंतर हमाल म्हणू लागले, आमची तोंडे काढा. त्याने एकाला काढले, हुबेहूब, पोते पडून अधू झालेल्या पायासकट. सगळे हसले. तो माणूस दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "पाय काढला तं काढला, पन पोतं काऊन नाई काढलं?" पुढच्या अंकात पेंटरने पोते काढले, मोठे, अर्धी चौकट भरून. तेव्हापासून त्याचा नियम असा की आपल्यातला माणूस काढायचा तर कागद आधी त्याला दाखवायचा, आणि गादीवरचा काढायचा तर दाखवायचा नाही.

पत्रक अजून निघते. आता ते मोबाइलवरही फिरते. गेल्या अंकात पाच खरी तोंडे होती. चार आमची, एक मुकादमाचे. चौघांनी आपापली चित्रे घरी लावली आहेत. मुकादम आमच्याशी अजून बोलत नाही, आणि या खेपेस चहाचेही बोलावणे आलेले नाही.