मुक्या सोबत्यांची माया
(वार्षिक सभेतील भाषण, देवपूर, धुळे)



आमचे काम जमाखर्चाचे. तरी ताळेबंदात न मांडता येणाऱ्या एका सोबतीविषयी आज बोलावेसे वाटते.

स्वमग्न मुलास माणसाचे शब्द, स्वर व चेहरा यांचा एकत्रित अर्थ लावणे जड जाते. घरचे कुत्रे वा मांजर प्रश्न विचारीत नाही, उत्तराची घाई करीत नाही. फ्रान्समधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांच्या वयानंतर घरी प्राणी आलेली स्वमग्न मुले वस्तू वाटून घेण्यात व इतरांचे सांत्वन करण्यात पुढे गेलेली आढळली. जन्मापासून प्राणी असलेल्या घरांत तसा फरक दिसला नाही. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने प्रशिक्षित कुत्र्यांसह अशा मुलांसाठी काम केले आहे.

तथापि प्राणी हा उपचारांना पर्याय नव्हे. वाचोपचार व व्यवसायोपचार सुरूच ठेवावेत. भुंकण्याने बिथरणाऱ्या मुलावर कुत्रे लादू नये. प्राण्यास रेबीजची लस द्यावी. दोघांवर मोठ्यांची नजर असावी. महागड्या जातीसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. अंगणातील शेळीही मुलाची सखी होऊ शकते.

मुक्या जीवाची माया विनामूल्य मिळते. उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतात. तेथेच आपल्या दानाचा आधार लागतो.