शेवंतीचा हिरवा वाडगा



सुमारें सतरा सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच असा एक मातीचा वाडगा दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. रंग हिरवट निळा. बाहेरच्या अंगाला पांच ठिकाणीं शेवंतीचीं फुलें, आणि आंतल्या अंगाला पसरलेली वेल. आठशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही नक्षी पुसली गेलेली नाहीं. कारण ती भांड्यावर काढलेली नसून भांड्याच्या मातींतच भरलेली आहे.

हा वाडगा कोर्यो राजवटींतला. ह्या घराण्यानें सन ९१८ पासून १३९२ पर्यंत राज्य केलें, आणि ‘कोरिया’ हें नांवहि जगाला त्यावरूनच मिळालें. राजधानी उत्तरेस केसाँग येथें. उत्तम भट्ट्या मात्र दूर दक्षिणेकडे, कांगजिन आणि पुआन येथें समुद्रकांठीं. हिरव्या भांड्यांची विद्या कोरियन कुंभार चीनकडून शिकले. पण सन ११२३ मध्यें शू चिंग नांवाचा चिनी वकील केसाँगला आला, तेव्हां ह्या भांड्यांच्या रंगाची त्यानें मुद्दाम नोंद केली. तेथील लोक त्या रंगाला खंड्या पक्ष्याच्या पिसांचें नांव देत. गुरूच्या घरच्या माणसानें शिष्याचें काम असें टिपून ठेवावें, हें थोडें नव्हे.

तो रंग साधतो कसा? भांड्यावरील काचेच्या लेपांत लोहाचा अंश असतो, फार तर शेंकडा दोन-तीन भाग. भट्टींत हवा मोकळी खेळली, तर तें लोह पिवळें-तपकिरी होतें. हवा कोंडली, तर हिरवें. आणि आंत काय घडत आहे हें कुंभाराला भट्टी उघडेपर्यंत नक्की कळत नाहीं.

नक्षीचें काम त्याहून नाजूक. भांडें अर्धवट सुकलें, म्हणजे त्यावर फुलें कोरीत. खांचांत पांढरी माती, आणि जेथें काळी रेघ हवी तेथें भाजल्यावर काळी पडणारी लोहयुक्त माती भरीत, वर आलेली खरवडून टाकीत. मग एकदां भाजणें, लेप देणें, आणि पुन्हा भाजणें. भरलेली माती आणि भांड्याची माती सारख्या प्रमाणांत आकसल्या नाहींत, तर फूल तडकून सुटून येई. बिदरी भांड्यांवरील चांदीचें काम आपल्यापैकीं ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाहीं; पण धातु भट्टींत आकसून दगा देत नाहीं. आमच्या वाडग्याच्या आंतल्या वेलींत तर कलावंतानें उलटा डाव टाकला आहे. वेल तशीच ठेवून तिच्या भोंवतींची जागा खरवडली आणि ती पांढऱ्या मातीनें भरली. मला स्वतःला शेवंतीहून ही वेलच अधिक मोहविते.

आतां ह्या वाडग्याचें खरें महत्त्व. मुन कोंग-यू नांवाचा एक अधिकारी सन ११५९ मध्यें वारला. त्याच्या थडग्यांत मृत्युलेखाच्या शिळेसह हा वाडगा मिळाल्याचें सांगतात. इतर असंख्य वाडग्यांचा काळ ठरवितांना विद्वान् ह्याच्याकडे बोट दाखवितात तें त्या शिळेमुळें. अशा शिळा आणखी कितीतरी वाडग्यांजवळ असतील! पण विसाव्या शतकाच्या आरंभीं, जपानचा अंमल बसत असतां, केसाँगभोंवतींचीं थडगीं चोरांनीं रात्रीं-अपरात्रीं उकरलीं. वाडगे विकले गेले, जपानांत आणि पाश्चात्त्य संग्रहांत जाऊन पोहोंचले. विकत घेणाऱ्यांना फूल हवें होतें. तें कोणाच्या उशाशीं ठेवलें होतें, हें कोणीं विचारलें नाहीं. ‘मिळाल्याचें सांगतात’ असें मला ह्या एका वाडग्याविषयींहि म्हणावें लागतें, त्याचें कारण हेंच.

समुद्रानें मात्र आपली ठेव अधिक प्रामाणिकपणें सांभाळली. सन २००७ मध्यें तेआन येथील एका कोळ्याच्या हातीं एक लहान अष्टपाद लागला. त्यानें एक हिरवी थाळी कवटाळून धरली होती. त्या जागीं शोध घेतां बाराव्या शतकांतलें एक बुडालेलें जहाज सांपडलें, आणि त्यांत वीस हजारांहून अधिक भांडीं. गवत व काठ्या घालून तीं एकावर एक रचलेलीं होतीं. सोबत लांकडाच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांपैकीं एकीवर माल निघाल्याचें ठिकाण, म्हणजे कांगजिनचें जुनें नांव, राजधानींतील एका अधिकाऱ्याचें घर, आणि भांड्यांची संख्या, ऐंशीं, हें सारें शाईनें लिहिलेलें अजून वाचतां येतें.