डाव्या हाताचा रियाज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आज मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मंडळात माझी ओळख म्हणजे भजनाच्या दिवशी पेटी वाजविणारी, एवढीच. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही साठाव्या वर्षी पियानो शिकायला लागलात, त्याबद्दलच बोला. आपल्या कितीतरी जणींची नातवंडे हल्ली की-बोर्डच्या क्लासला जातात." हे ऐकल्यावर मला नकार देता आला नाही. तेव्हा नवशिक्याने कोणत्या गोष्टींचा रियाज अधिक करावा, याविषयी चार शब्द सांगते. मी वादक नव्हे, विद्यार्थिनी आहे. माझ्याजवळ अधिकार नाही, पण चुकांचा साठा मात्र भरपूर आहे. त्यांतली सर्वांत मोठी चूक माझ्या मुलीच्या बाबतीत झाली. ती आधी सांगते.

1996 साली वांद्र्याचे एक कुटुंब परदेशी जावयास निघाले, तेव्हा त्यांचा जुना उभा पियानो आम्ही विकत घेतला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या शिक्षिका मूळच्या गोव्याच्या. क्लासमधली सारी मुले त्यांना 'मिस' म्हणत, म्हणून आम्हीही मिसच म्हणू लागलो. महिन्या-दोन महिन्यांतच मी त्यांना विचारू लागले, "हिला गाणे केव्हा वाजविता येईल?" त्या शांतपणे म्हणत, "आधी हात तयार होऊ द्या. घाई करू नका." पण घरी मी घाईच करीत असे. मुलगी कानाने गाण्याची चाल उचलून उजव्या हाताने वाजवी आणि मी खूष होई. डाव्या हाताचा धडा ती टाळी, तिकडे मी डोळेझाक करी.

2000 सालच्या गणपतीत घरी वीस-पंचवीस माणसे जमली होती. मी तिला वाजवावयास बसविले. दोन्ही हातांचा तुकडा होता. मध्येच डावा हात अडखळला. तिने पहिल्यापासून सुरुवात केली; पुन्हा तेथेच अडली. तिसऱ्यांदाही तेच झाले. आणि मी सर्वांदेखत म्हणाले, "चार वर्षांची फी पाण्यात गेली म्हणायची!" तिने झाकण लावले आणि ती आत निघून गेली. त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही. सोळा वर्षे त्या पियानोवर आम्ही फुलदाणी ठेवीत होतो.

2016 साली मी बँकेतून निवृत्त झाले. लहानपणापासून पेटी वाजविली होती, तेव्हा पियानो सहज जमेल अशा समजुतीने मी त्याच मिसकडे गेले. पहिल्या दहा मिनिटांतच माझा भ्रम फिटला.

पेटीत हवेच्या दाबाने आतल्या पितळी पत्त्या थरथरतात. पट्टी हलकी दाबा की जोराने, आवाज तोच; लहानमोठेपणा येतो तो भात्याने. शिवाय पट्टी दाबून धरली आहे आणि भाता चालू आहे, तोपर्यंत सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. मग तो सूर हळूहळू विरतच जातो. मात्र बोट जसे पडेल तसा आवाज निघतो. सुमारे 1700 साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडविले, त्याचे मोठेच नवल झाले ते यासाठीच. 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्ते' म्हणजे जोराने. वाद्याचे नावच मुळी त्यावरून पडले.

आणखी एक गोष्ट. पेटी वाजविताना आपला डावा हात भात्यावर असतो. पन्नास वर्षे माझ्या डाव्या हाताने नुसता वारा घातला होता. त्याला एकाएकी उजव्याच्या बरोबरीने बोलावयास सांगितले, तर तो बापडा काय करणार?

आता रियाजाकडे वळते.

पहिली गोष्ट बैठकीची. बाकाची उंची अशी हवी की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला येईल. खांदे सैल, मनगट खचलेले नको आणि ताठही नको. लाडू वळताना बोटांना जसा बाक येतो तसा पट्ट्यांवर असावा. नखे कापलेली हवीत. आणि भगिनींनो, बांगड्या काढून ठेवा किंवा वर सारा. त्या घसरत राहतात आणि त्यांच्या किणकिणाटात आपला सूर आपल्यालाच ऐकू येत नाही. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. हे सारे क्षुल्लक वाटते, म्हणूनच रोज वगळले जाते.

दुसरी गोष्ट पाच बोटांची. पियानोत दोन्ही हातांची बोटे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक ते पाच अशी मोजतात. पांढरी एकचा सा धरून सा रे ग म प या पाच स्वरांवर पाच बोटे ठेवावीत आणि सावकाश चढउतार करावी. प्रत्येक सूर सारखाच उमटला पाहिजे. येथे अनामिका हटकून दगा देते. यात आपला आळस नाही. हाताच्या पाठीवर मधले बोट, अनामिका व करंगळी यांचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे अनामिका एकटीने उचलणे मुळातच अवघड जाते. तिच्यावर जबरदस्ती करू नये. शूमान या प्रसिद्ध जर्मन रचनाकाराने तरुणपणी बोट बळकट करण्यासाठी एक यंत्र वापरून पाहिले होते. पुढे त्याच्या उजव्या हाताला कायमचा अपाय झाला आणि वादक होण्याचे स्वप्न त्याला सोडावे लागले. अपाय यंत्रानेच झाला की आणखी कशाने, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण आपण धडा घ्यावयास हरकत नाही. मी स्वतः उत्साहाच्या भरात हॅननच्या 1873 सालच्या व्यायामांचे पुस्तक रोज तासभर बडवीत होते. मनगट सुजले आणि तीन आठवडे सक्तीची रजा घ्यावी लागली. दुखू लागले की थांबावे, हा नियम पक्का समजा.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. बोटे पाच आणि सप्तकाचे सूर वरच्या सा-सह आठ. तेव्हा वाटेत अंगठा बोटांखालून सरकवावा लागतो. उजव्या हाताने पांढरी एकपासून चढताना बोटे अशी पडतात: एक, दोन, तीन, मग अंगठा खालून, आणि पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच. डाव्या हाताने चढताना उलट: पाच, चार, तीन, दोन, एक, मग मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे, आणि तीन, दोन, एक. अंगठा सरकताना कोपर बाहेर फेकले जाते आणि त्या सुराला धक्का बसतो. तो धक्का नाहीसा होईपर्यंत तेवढे तीनच सूर घोळवावेत. थोर संगीतकार बाख यांच्या मुलाने 1753 साली वादनावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकसुद्धा फक्त लांबची पट्टी गाठावयाची असली तरच अंगठा वापरीत. जी गोष्ट थोरामोठ्यांना शिकावी लागली, ती आपल्याला एका आठवड्यात कशी येईल?

चौथी गोष्ट सूर जोडण्याची. पुढचा सूर वाजला की त्याच क्षणी मागचे बोट उचलावयाचे. आधी उचलले तर फट पडते, उशिरा उचलले तर दोन सूर एकमेकांत कालवतात. नवशिके ही फट बुजविण्यासाठी उजव्या पायाचे पेडल दाबून धरतात. त्या पेडलने तारांवरचे दाबक उचलले जातात आणि सगळेच सूर घुमत राहतात. कानाला क्षणभर बरे वाटते, पण ते न झाडलेल्या घरात सतरंजी अंथरण्यासारखे आहे. निदान पहिले वर्षभर रियाज पेडलशिवाय करावा.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एकेका हाताचा रियाज. मी उदाहरण देते. बाख यांनी 1725 साली आपल्या पत्नीसाठी, ॲना मॅग्डालेना हिच्यासाठी, एक वही सुरू केली. ती स्वतः उत्तम गायिका होती, आणि वहीतली कितीतरी पाने तिच्याच हातची आहेत. जगभरची मुले त्यातला एक मिन्युएट शिकतात. तो पुष्कळ वर्षे बाख यांच्या नावावर छापला जाई. पुढे 1970 नंतरच्या संशोधनात तो पेट्झोल्ड नावाच्या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवादकाचा असल्याचे कळले. तीन मात्रांची चाल, पांढरी पाचचा सा, आणि पहिल्या भागाचे सोळा खंड. मी त्या सोळा खंडांचे दोन-दोनचे आठ तुकडे केले. पहिल्या दिवशी पहिला तुकडा, तोही फक्त डाव्या हाताने, तोंडाने एक-दोन-तीन मोजीत. नंतर उजवा. चूक न होता तीनदा वाजला, तरच दोन्ही एकत्र, आणि ठोक्याचे यंत्र मिनिटाला साठावर ठेवून. जेथे अडते तेथूनच पुन्हा सुरू करावयाचे, पहिल्यापासून नव्हे. पहिल्यापासून वाजविले की येते तेच शंभरदा घटते आणि येत नाही ते तसेच राहते.

हे मला मिसनी सांगितले तेव्हा मी एकदम गप्प झाले. माझी मुलगी त्या दिवशी तीनदा पहिल्यापासूनच सुरू करीत होती. तिला अडलेल्या जागी थांबावयास कोणी वेळच दिला नव्हता. आणि मी स्वतः, साठ वर्षांची बाई, पेटीवर हात बसलेली, त्या तुकड्याच्या डाव्या हातात सात आठवडे अडखळत होते. अकरा वर्षांच्या मुलीला मी काय बोलले, ते मला तेव्हा कळले.

त्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली. मी तिला म्हटले, "माझं चुकलं होतं गं." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रियाज करीत होते, तेव्हा ती चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई, डावा हात घाई करतोय. फक्त तेवढंच पुन्हा वाजव." मी वाजविले. मग तिने कप खाली ठेवला आणि डाव्या हाताचे ते दोन खंड स्वतः वाजवून दाखविले. अजून ती वाजवावयास बसली, असे म्हणण्याइतके काही झालेले नाही. पण येते तेव्हा झाकण उघडते, आणि फुलदाणी आता खिडकीत आहे.

वेळ किती द्यावा, असे मला विचारतात. रोज वीस मिनिटे, पण रोज. पाच मिनिटे पाच बोटे, पाच मिनिटे अंगठा, आणि उरलेली दहा एकाच तुकड्यावर, डाव्या हातापासून. रविवारी एकदम दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. आठवडाभराचा स्वयंपाक एका दिवशी जेवता येत नाही, तसेच हे.

शेवटी एक विनंती. नातवंड क्लासहून आले की "कोणतं गाणं शिकलास?" असे विचारू नका. "आज डावा हात काय शिकला, दाखव बरं," असे म्हणा, आणि चुकले तरी तेथे बसून ऐका. पाहुण्यांना मुलांचे वाजवणे ऐकवावयाचेच असेल, तर ते मूल आपण होऊन म्हणेल त्या दिवशी.