गावच्या मूळ रानाचा हिशेब : किती राखले, कोठे राखले?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीत दोन्ही बाजूंना रान दिसते. बोईसरहून नवापूर, दांडीकडे गेलात की खाडीकाठी तिवरांचा हिरवा पट्टा लागतो. मधल्या सपाटीवर वाड्या आणि भाताची खाचरे आहेत, तर डोंगरांच्या पायथ्याशी गवताचे वरकस माळ आहेत. एवढी हिरवळ पाहिली की वाटते, आपल्याकडे रान भरपूर आहे आणि सरकारने ते राखलेही आहे. हे कितपत खरे आहे, हे गावपातळीवर कसे मोजावे, याचा आज विचार करू.

मोजणीआधी तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट हिरवळ. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या साहाय्याने देशातील वनाच्छादनाचे अहवाल काढते. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त असली, की ते वनाच्छादन धरले जाते. जमीन कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे डहाणू-घोलवडची चिकूची वाडी आणि केळव्याच्या किनाऱ्यावरची सुरूची लागवडही त्यात बसू शकते.

दुसरी गोष्ट कागदावरचे वन. राखीव वन, संरक्षित वन अशी नोंद असलेली ही जमीन. तिच्यावर झाड असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट मूळची वनस्पती. कोणी न लावता पिढ्यानपिढ्या त्या जागी वाढत आलेली ऐन, खैर, धावडा, मोह, पळस, कारवी, खाडीतील तिवर आणि माळावरचे मारवेल, पवन्या यांसारखे गवत. या तिसऱ्या गोष्टीपैकी किती भाग कायद्याच्या आधाराखाली आहे, हा आपला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी वेगळे येते.

डोंगराची स्थिती त्यातल्या त्यात बरी आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार बराच भाग राखीव आहे आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे वनजमीन दुसऱ्या कामाला देताना केंद्राची मंजुरी लागते. आपल्या दक्षिणेस तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली जाहीर झाले. तेही डोंगरावरच आहे.

खाडीकाठालाही आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांची तोड थांबवली, आणि जमीन कोणाचीही असो, तिवरांपासून ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली. २०१८ च्या निकालात ते संरक्षण कायम झाले. तरी संरक्षण म्हणजे कधीच तोड नाही, असे समजू नये. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली.

आता माळ पाहा. सातबारावर वरकस, पोटखराब किंवा पडीक अशी नोंद असलेली ही जमीन. झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या राज्य कायद्यामुळे ऐन, खैर, मोह यांसारख्या ठराविक झाडांना परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. पण मालकीच्या माळावरील गवताला आणि झुडपांना तसा आधार नाही. एके काळी याच माळांचे गवत दाबून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. राबाचा पालापाचोळा, गुरांची चराई, पावसाचे पाणी जिरून विहिरींना मिळणारी ओल, हे सारे माळाचेच देणे. बोईसर-तारापूरकडे कारखाने, चाळी, इमारती वाढल्या, तेव्हा सपाटी आणि माळ हीच जमीन आधी गेली.

येथे तालुक्याच्या हद्दीनेही फरक पडतो. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि तेथे उद्योगांवर बंधने आली. त्यावर देखरेखीसाठी १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. बोईसर आणि तारापूर पालघर तालुक्यात येतात. माती तीच, गवत तेच, पण हद्द ओलांडली की नियम बदलतो.

आता हिशेब करू. समजा, एका गावात मूळ वनस्पती ३०० हेक्टरवर आहे. त्यात डोंगर २००, खाडी ४० आणि माळ ६० हेक्टर. डोंगरापैकी १८० आणि खाडीपैकी ३६ हेक्टर संरक्षित आहे. माळ मुळीच नाही. एकूण २१६ हेक्टर, म्हणजे ७२ टक्के. आकडा चांगला दिसतो, पण त्यात माळाचे शून्य लपलेले आहे.

पुढची गंमत अशी की, उद्या तो ६० हेक्टर माळ गोदामांखाली गेला, तर मूळ वनस्पती २४० हेक्टर उरेल. संरक्षित २१६ तेवढेच राहील आणि टक्केवारी ७२ वरून ९० वर चढेल! रान घटले, पण कागदावर प्रगती झाली. म्हणून दोन नियम पक्के ध्यानात ठेवावेत. पहिला, डोंगर, खाडी आणि माळ यांचा हिशेब स्वतंत्र करावा. दुसरा, छेदात दरवर्षीचे उरलेले क्षेत्र न धरता एका ठरलेल्या वर्षाचे क्षेत्र कायम ठेवावे.

हा दोष आपल्याच गावाचा नाही. जगभर संरक्षित क्षेत्रे बहुधा उंच, उताराच्या आणि शेतीला निरुपयोगी जागी आहेत. गवताळ प्रदेश मागे राहिले. २०२० पर्यंत जमिनीचा १७ टक्के भाग राखण्याचे राष्ट्रांनी २०१० मध्ये ठरवले होते. २०२२ मध्ये माँट्रियल येथे २०३० पर्यंत ३० टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले. ते तीस टक्के कोणत्या जमिनीचे, हे गावानेच विचारले पाहिजे.

मोजणी अशी करावी. तलाठ्याकडून गावनकाशा व सातबारा घ्यावा. वन परिक्षेत्र कार्यालयातून वनहद्दीची माहिती घ्यावी. सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला असल्यास त्याचा नकाशाही जोडावा. मग जाणत्या वयस्कांना बरोबर घेऊन शिवारफेरी काढावी. डोंगरात १० मीटर लांब व १० मीटर रुंद असे तुकडे आखावेत. असा तुकडा एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा होतो. त्यातील मूळची आणि बाहेरची झाडे वेगळी मोजावीत. गवतासाठी एक मीटरचा चौकोन पुरतो. माळ भाद्रपद-आश्विनात पाहावा, कारण गवत फुलोऱ्यात असताना ओळखू येते. तिवरे ओहोटीला पाहावीत. एक गट एकाच नोंदीखाली घालावा आणि शेवटी प्रत्येक प्रकाराची टक्केवारी काढावी.

मोजले तर जमीन वनात जाईल, अशी शंका पुष्कळांना येते. ती निराधार नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेक जमिनी सरकारजमा झाल्या, हे ठाणे जिल्ह्याने पाहिले आहे. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवहीत वनस्पतींची नोंद केल्याने मालकी बदलत नाही. ही नोंदवही स्थानिक समितीकडे असते. खाजगी जमीन दाट झाडीची असेल, तर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा तिच्याशी संबंध येऊ शकतो. अशा वेळी आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि मालकाच्या संमतीशिवाय कोणाच्याही गटाची मोजणी करू नये.

बंधू-भगिनींनो, जे मोजले नाही, ते गेल्याचेही कोणाला कळत नाही. रस्ता, कारखाना किंवा बंदराचा आराखडा गावात येईल, तेव्हा 'येथे पडीक जमीन आहे' असे कागद म्हणेल. त्या वेळी 'येथे साठ हेक्टर गवताचा माळ आहे, यावर इतकी गुरे चरतात, या विहिरींना यामुळे पाणी आहे' असे सांगणारा आपला कागद तयार असावा. या पावसाळ्यानंतर निदान एका माळाची फेरी काढा. सुरुवातीला तेवढे पुरे आहे.