गिअरबॉक्सचं जुनं ऑइल

मैत्रिणींनो, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणणाऱ्या आपल्या पिकअपला बहुधा हाताने टाकायचे गिअर असतात. टॉर्क कन्व्हर्टर नसतो. म्हणून जुनं ऑइल जवळजवळ सगळं निघतं. ऑटोमॅटिक गाडीत बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, एकदा बोल्ट उघडून भागत नाही.

घरची गाडी असेल तर ऑइल बदलताना समोर उभ्या राहा. बिलावर लिहिलेलं पुरत नाही. गाडी सपाट जागी, ऑइल कोमट. आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करायला सांगा. खालून ऑइल सोडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरच! ऑइलमध्ये बारीक चुरा चालतो. दातांचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स खोलायलाच हवा. काढलेलं ऑइल गटारीत नको, विहिरीजवळ तर नाहीच. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात जाऊ द्या.